कोशाबाहेरची इंग्रजी : काही अमेरिकी शब्द आणि त्यांच्यामागची माणसे

‘एमपीडीए’खाली अमुक गुंडास स्थानबद्ध केल्याची बातमी महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत वरचेवर वाचावयास मिळते. १९८१ च्या या कायद्याच्या लांबलचक इंग्रजी नावात ‘बूटलेगर’ हा शब्द आहे. अधिकृत मराठी नावात त्या जागी ‘हातभट्टीवाले’ आले. भाषांतर सोयीचे खरे, पण मूळ बूटलेगर भट्टी लावीत नसे. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या बुटाच्या नळीत चपटी बाटली खोचून तो चोरून दारू पोचवीत असे, आणि त्याचे नाव पडले ते या खोचण्यावरून.

शब्द १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला, अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातला. तो घरोघरी गेला मात्र १७ जानेवारी १९२० पासून, म्हणजे अमेरिकी राज्यघटनेची १८वी दुरुस्ती अमलात आली तेव्हापासून. ५ डिसेंबर १९३३ पर्यंत, जवळजवळ चौदा वर्षे, साऱ्या देशात मद्याचे उत्पादन, वाहतूक आणि विक्री बेकायदा होती.

इंग्रजी शब्द पाठ करणारा विद्यार्थी सहसा यादी करतो : डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. ‘स्पीकईझी’ म्हणजे चोरटा दारूगुत्ता, ‘ओकी’ म्हणजे ओक्लाहोमाचा रहिवासी, ‘सिट-इन’ म्हणजे बैठे आंदोलन. यादी चुकीची नसते, पण हे शब्द कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या रागाने उच्चारले, ते तीत मावत नाही. २०व्या शतकातील अमेरिकी समाजाचा इतिहास हाताशी धरून वाचले, तर तेच शब्द वेगळे ऐकू येतात. या धाग्यात अशाच काही शब्दांची हकिगत आहे.

दारूबंदीच्या काळातील एक शब्द तर चक्क स्पर्धा लावून घडविला गेला. मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथील डेल्सव्हेअर किंग या दारूबंदी-समर्थक श्रीमंत गृहस्थाने बेकायदा दारू पिणाऱ्यास लाज वाटावी असा शब्द सुचविणाऱ्यास २०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. पंचवीस हजारांहून अधिक सूचना आल्या. जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला : ‘स्कॉफलॉ’, म्हणजे कायद्याची टर उडविणारा. लाज वाटणे दूरच. दोन आठवडे उलटण्याच्या आत पॅरिसमधील अमेरिकी गिऱ्हाइकांच्या एका मद्यालयाने त्याच नावाचे मिश्रपेय विक्रीस ठेवले. वरून लादलेल्या शब्दाची अशी गत नेहमीच होत नाही, पण झाली की गंमत येते. पुढे हा शब्द पार्किंगचा दंड वर्षानुवर्षे न भरणाऱ्या मोटारमालकांसाठी उरला.

त्याच काळातल्या दुसऱ्या एका शब्दात गंमत नाही. तो शब्द ‘जेक लेग’.

‘जेक’ हे जमैका जिंजर या सुंठीच्या अर्काचे बोलीतले नाव. पोटदुखीवरचे औषध म्हणून तो अर्क दुकानात मिळे, आणि त्यात सत्तर-ऐंशी टक्के मद्यार्क असे. श्रीमंतांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळत होती किंवा बूटलेगर घरपोच आणून देत होता. ज्याच्या खिशात जेमतेम चिल्लर, त्याच्यासाठी जेकची छोटी बाटली होती. तिचा पेय म्हणून वापर होऊ नये म्हणून अर्कात सुंठीचा घन अंश ठरावीक प्रमाणात असलाच पाहिजे, असा सरकारी नियम होता. त्यामुळे तो तोंडात धरवणार नाही इतका कडू लागे. निरीक्षक नमुना उकळून मागे उरलेला गाळ तोलीत.

या तपासणीला बगल देण्यासाठी बोस्टनमधील दोन व्यावसायिकांनी सुंठीऐवजी लाखेच्या आणि रंगाच्या धंद्यात वापरले जाणारे एक रसायन मिसळले. ते उडून जात नसल्याने तपासणीत वजन बरोबर भरे, आणि चवीला ते कडू नव्हते. ते मज्जातंतूंसाठी विष आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. १९३० च्या आरंभी ओक्लाहोमा सिटीतील डॉक्टरांकडे पोटऱ्या आणि पाऊल लुळे पडलेले रोगी येऊ लागले. दक्षिणेत व मध्य-पश्चिमेत अशा माणसांची संख्या लवकरच हजारोंवर गेली. लुळे पाऊल जमिनीला घासू नये म्हणून ही माणसे गुडघा उंच उचलीत. आधी चवडा आपटे, मग टाच. ही चाल दुरूनही ओळखू येई, आणि ज्याची ती चाल त्याने बंदी मोडली हेही गावाला कळे. म्हणजे आजार हाच कबुलीजबाब ठरला. त्या दोन व्यावसायिकांना आरंभी झालेली शिक्षा होती हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची, पण स्थगित ठेवलेली, कैद.

रोगी बहुतांशी गरीब आणि शरमेने गप्प राहणारे, म्हणून वैद्यकीय जगाला हा प्रसंग लवकरच विसरायला झाला. विसरली नाहीत ती गाणी. १९३० नंतर ब्लूज आणि कंट्री गायकांच्या ध्वनिमुद्रिकांत ‘जेक लेग’ व ‘जेक वॉक’ हे शब्द पुनःपुन्हा येतात. जॉन मॉर्गन या औषधशास्त्रज्ञाने या जुन्या तबकड्यांचा माग काढीत त्या विषबाधेचा इतिहास जुळविला आणि १९७६ मध्ये त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख प्रसिद्ध झाला. कोशात दोन ओळींची जागा मिळालेला हा शब्द शास्त्रीय संशोधनाचे साधन ठरला.

मंदीच्या काळाने एका माणसाच्या नावाचे काय केले, हेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या महायुद्धात हर्बर्ट हूवर हे अमेरिकेचे अन्नप्रशासक होते, आणि त्याआधी उपाशी बेल्जियमला धान्य पोचविण्याचे मोठे काम त्यांनी केले होते. १९१७ च्या सुमारास ‘हूवराइझ’ असे क्रियापदच रूढ झाले. त्याचा अर्थ अन्न जपून वापरणे, पानात न टाकणे. तो गौरव होता. १९२८ मध्ये हूवर राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअरबाजार कोसळला, आणि वर्षा-दोन वर्षांत शहरांच्या कडेला पत्रे, खोकी व डांबरी कागदाच्या झोपड्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांना नाव पडले ‘हूवरव्हिल’. उघड्यावर झोपणारा अंगावर ओढी ते जुने वर्तमानपत्र ‘हूवर ब्लँकेट’ झाले. रिकामा खिसा उलटा करून बाहेर लोंबवला की तो ‘हूवर फ्लॅग’. टेक्सासात शिजविले जाणारे आर्माडिलो, म्हणजे आपल्या खवल्या मांजरासारखा एक खवलेदार प्राणी, ‘हूवर हॉग’ म्हणजे हूवरचे डुक्कर ठरले.

पहिला शब्द विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रचारप्रमुखाने चलनात आणला असे मानले जाते. पण प्रचारकाने शब्द टाकला म्हणून तो रुजत नाही, हे ‘स्कॉफलॉ’वरून दिसलेच. ‘हूवरव्हिल’ रुजला, कारण तो रोज डोळ्यांना दिसत होता. सिएटल शहरातील अशी वस्ती १९३१ पासून दहा वर्षे टिकली. तोवर हूवर पायउतार होऊन आठ वर्षे झाली होती.

झोपडीत राहणाऱ्यांनी सत्ताधाऱ्याला नाव ठेवले, तसे सुखवस्तूंनीही झोपडीतल्यांना ठेवले. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी दक्षिणेकडील सपाट गवताळ प्रदेशावर धुळीची काळी भिंत चालून आली. दुसऱ्या दिवशी रॉबर्ट गायगर या असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहराने आपल्या वृत्तात ‘डस्ट बोल’ असा शब्द वापरला, आणि त्या साऱ्या मुलखाला तेच नाव चिकटले. आधी मंदी, त्यात अवर्षण, त्यात ट्रॅक्टर आल्याने कुळांची गरज संपलेली. ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा, मिसुरी येथील लाखो माणसे जुन्या मोटारींवर बिछाने बांधून पश्चिमेला निघाली. कॅलिफोर्नियात त्या सर्वांना एकच नाव होते : ‘ओकी’.

एखाद्या मुलखाचे नाव शिवी कसे होते, हे मुंबईत आणि गोव्यात ‘घाटी’ हा शब्द ऐकलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘ओकी’ म्हणजे अडाणी, घाणेरडा, आपली मजुरी पाडणारा. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने शंभराहून अधिक शिपाई थेट राज्याच्या सीमेवर पाठविले आणि ज्यांच्यापाशी पैसे नाहीत त्यांना परत फिरविण्यास सुरुवात केली. शहराच्या पोलिसांना शेकडो मैलांवरच्या सीमेवर काय अधिकार, असा प्रश्न विचारला गेला, आणि काही आठवड्यांत तो प्रकार गुंडाळावा लागला. परंतु निर्धन माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविणारा कायदा कॅलिफोर्नियाच्या पुस्तकात होताच. टेक्सासातून आपल्या बेकार मेव्हण्याला घेऊन आलेल्या एका माणसास त्याखाली शिक्षा झाली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९४१ मध्ये न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द केला. गरिबी आणि अनीती या दोन गोष्टी एक नव्हेत, अशी स्पष्ट भूमिका त्यात घेतली गेली. शब्दाचे पुढे काय झाले? स्थलांतरितांची मुले कॅलिफोर्नियातच वाढली आणि त्यांनी तो अंगावर मिरवायला घेतला. ओक्लाहोमाहून आलेल्या आईबापांच्या पोटी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या मर्ल हॅगर्डने १९६९ मध्ये मस्कोगी गावच्या ओकीचे गाणे गायले, तेव्हा ते देशभर गाजले.

आता ज्या शब्दाला मराठी चित्रपटांच्या जाहिरातींत अमाप मागणी आहे, त्याकडे वळावे. ‘ब्लॉकबस्टर’ हा दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानदलाचा महाकाय बाँब. इमारतींची एक संपूर्ण रांग उडवून देणारा, म्हणून ते नाव. हॉलीवूडच्या जाहिरातदारांनी युद्ध संपायच्या आतच तो उचलला. युद्धानंतर अमेरिकी शहरांतील घर-दलालांनीही उचलला, आणि त्यांच्या हाती तो पुन्हा बाँबच झाला.

‘ब्लॉकबस्टिंग’ची रीत अशी. गोऱ्यांच्या गल्लीत एखादे घर दलाल काळ्या कुटुंबास विके. कधी तेही न करता एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलीत त्या रस्त्याने फिरविले जाई. मग शेजाऱ्यांना दूरध्वनी : ‘ते’ येत आहेत, भाव पडण्याआधी विका. घाबरलेली कुटुंबे पडेल भावाने घर विकत. तेच घर दलाल काळ्या कुटुंबास दुप्पट-अडीचपट किमतीला देई, आणि तेही बहुधा हप्त्यांच्या करारावर. त्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दलालाचीच राही. एक हप्ता चुकला, तर घरही गेले आणि भरलेले पैसेही.

मग काळ्या कुटुंबाने सरळ बँकेत जाऊन कर्ज का काढू नये? याचे उत्तर ‘रेडलायनिंग’ या शब्दात आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या गृहमालक कर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनविले. कर्जासाठी उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी, आणि ‘धोकादायक’ ती तांबडी. सोबतच्या टिपणांत वस्तीत निग्रो किती, परदेशात जन्मलेले किती, यासाठी स्वतंत्र रकाने होते. काळ्यांची वस्ती जवळजवळ नेमाने तांबड्या रंगात गेली, मग तेथील घरे कितीही नीटनेटकी असोत. प्रत्यक्ष नुकसान या महामंडळापेक्षा १९३४ मध्ये निघालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने अधिक केले, असे अलीकडचे काही इतिहासकार म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे. हे प्रशासन घरकर्जांना सरकारी हमी देई. ती हमी गोऱ्यांच्या नव्या उपनगरांना मिळाली, शहरातील मिश्र व काळ्या वस्त्यांना नाकारली गेली. १९४७ पासून लाँग आयलंडवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनमधील हजारो घरे युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी होती. काळ्या सैनिकांसाठी नव्हती. तशी अट करारातच छापलेली होती.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट कालक्रमाची आहे. नकाशे १९३० च्या दशकातले. ‘रेडलायनिंग’ हा शब्द मात्र १९६० च्या दशकातला, आणि तो शिकागोतील वस्ती-कार्यकर्त्यांच्या वर्तुळातून पुढे आला. मधली तीस वर्षे या व्यवहाराला नावच नव्हते. ज्याला कर्ज नाकारले जाई, त्याला ते आपले एकट्याचे दुर्दैव वाटे : आपलाच पगार कमी, आपलेच कागद अपुरे. नाव मिळाल्यावर बायका स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून कोणत्या बँकेने कोणत्या गल्लीत किती कर्जे दिली, याचे हिशेब मांडू लागल्या. शिकागोच्या ऑस्टिन भागातील गेल सिंकोटा ही अशांपैकीच एक गृहिणी पुढे देशव्यापी चळवळीची नेता झाली. १९७५ मध्ये बँकांना कर्जाची वस्तीवार आकडेवारी उघड करण्यास लावणारा कायदा झाला आणि १९७७ मध्ये ज्या वस्तीतून ठेवी घेता तेथे कर्जही द्या, असे सांगणारा. गंमत अशी की महामंडळाचे ते रंगीत नकाशे इतिहासकार केनेथ जॅक्सन यांनी अभ्यासून जगापुढे मांडले ते १९८० मध्ये. शब्द आधी जन्मला; कागद मागाहून सापडला.

यापुढचा शब्द नागपूरमार्गे जातो.

‘सिट-इन’च्या आधी ‘सिट-डाउन’ होते. ३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधील फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला, पण ते कारखान्याबाहेर पडले नाहीत. यंत्रांशेजारीच बसून राहिले. चव्वेचाळीस दिवसांनी कंपनीला त्यांच्या संघटनेस मान्यता द्यावी लागली. हे बसणे कामगारांचे होते. वंशभेदाविरुद्ध भोजनालयात जाऊन बसण्याचे प्रयोग १९४० च्या दशकात शिकागोत झाले. ते करणाऱ्या तरुणांनी गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता. परंतु ते प्रयोग लहान राहिले.

जेम्स लॉसन हा पेनसिल्व्हेनियात जन्मलेला काळा मेथडिस्ट तरुण. कोरियन युद्धासाठी सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्याने वर्षभराहून अधिक तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ मध्ये तो मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला आणि तीन वर्षे तेथे शिकविण्याचे व खेळ-प्रशिक्षकाचे काम करीत राहिला. गांधींना जाऊन पाच-सहा वर्षे झालेली, त्यांच्यासोबत काम केलेली माणसे अवतीभवती होती. लॉसनने त्यांच्याकडून सत्याग्रहाची तालीम कशी देतात ते समजून घेतले. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये त्याने एक बातमी वाचली : अलाबामातील माँटगोमेरी शहरात काळ्या नागरिकांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला आहे. ज्याची वाट पाहत होतो ते आपल्याच घरी सुरू झाले, हे त्याला सिव्हिल लाइन्समध्ये कळले.

१९५६ मध्ये तो परतला. पुढच्या वर्षी मार्टिन लूथर किंग त्याला भेटले आणि शिक्षण पुरे होण्याची वाट न पाहता दक्षिणेत येण्याचा त्यांनी आग्रह केला. लॉसन टेनेसीतील नॅशव्हिलला गेला. तेथे चर्चच्या तळघरांत त्याने विद्यार्थ्यांची शिबिरे घेतली. खुर्च्या मांडून खोटे भोजनालय तयार केले जाई. काही मुले गिऱ्हाईक होत आणि काही गुंड. गुंड झालेली मुले शिव्या देत, केस ओढीत, तोंडावर धूर सोडीत, खुर्चीवरून खाली पाडीत. पडताना डोके कसे वाचवावे, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यावी, शेजारच्यावर बेतले तर मध्ये कसे पडावे, याचा महिनोन्‌महिने सराव झाला. जॉन लुईस, डायान नॅश ही पुढे गाजलेली नावे या शिबिरांतली.

नॅशव्हिलची तयारी चालू असतानाच १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील ‘फक्त गोऱ्यांसाठी’ असलेल्या खाद्यकट्ट्यावर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. कॉफी आली नाही. ते उठले नाहीत. बारा दिवसांनी, १३ फेब्रुवारीला, नॅशव्हिलचे शंभराहून अधिक विद्यार्थी बर्फातून चालत दुकानांत शिरले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्याने त्यांना मारले, सिगारेटींनी डागले, आणि पोलिसांनी पकडून नेले ते मार खाणाऱ्यांनाच. एक तुकडी नेली की दुसरी तुकडी त्याच खुर्च्यांवर येऊन बसे. पन्नास डॉलरचा दंड भरण्यास नकार देऊन मुले तुरुंगात गेली. लॉसनला त्याच्या विद्यापीठाने काढून टाकले. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झी. अलेक्झांडर लूबी यांचे घर बाँबने उडविण्यात आले. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे नगरभवनाकडे चालत गेले. तेथे पायऱ्यांवर डायान नॅशने महापौरांना सरळ विचारले की रंगावरून भेदभाव करणे त्यांना स्वतःला योग्य वाटते काय. महापौर बेन वेस्ट यांनी नाही म्हटले. १० मे रोजी नॅशव्हिलच्या भर बाजारातील खाद्यकट्टे सर्वांसाठी खुले झाले.

अशा बसण्याला आपल्याकडे जुना शब्द होता : धरणे. कर्ज बुडविणाऱ्याच्या दारात उपाशी बसून राहण्याची ती रीत ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशातही नोंदलेली आहे. अमेरिकी वृत्तपत्रांनी मात्र १९६० मध्ये ‘सिट-इन’ उचलला, आणि त्यातल्या ‘इन’ या इवल्याशा शेपटाला अर्थ चिकटला. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या समुद्रकिनाऱ्यांवर पाण्यात शिरणे ‘वेड-इन’ झाले, गोऱ्यांच्या चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकणे ‘नील-इन’, ग्रंथालयात बसून वाचणे ‘रीड-इन’. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापकांनी व्हिएतनाम युद्धावर रात्रभर व्याख्याने ठेवली, ते ‘टीच-इन’. जानेवारी १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उद्यानात हिप्पींचा ‘बी-इन’ भरला, आणि १९६८ मध्ये ‘लाफ-इन’ नावाचा विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. आठ वर्षांत शेपूट मार खाण्यापासून हसण्यापर्यंत पोचले होते.

उलट दिशेने आलेला एक शब्द इथे सांगितला पाहिजे. १९६५ च्या आरंभी अलाबामातील लाउन्ड्स परगण्यात बहुसंख्य लोक काळे होते, आणि मतदारयादीत त्यांच्यापैकी एकही नव्हता. तेथे त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी मतपत्रिकेवर चिन्ह हवे, ही गोष्ट भारतीयांना ओळखीचीच आहे. राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते; यांनी काळा चित्ता घेतला. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी तेच चिन्ह व नाव उचलून ‘ब्लॅक पँथर पार्टी’ स्थापली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. मराठीत तो शब्द आता प्राण्याचे नाव म्हणून क्वचितच वापरला जातो. ‘जुना पँथर’ म्हटले की कोणत्या पिढीचा कार्यकर्ता, ते बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कळते.

बाईच्या नावामागे काय लावावे, हा तंटाही दोन्हीकडचा. इंग्रजीत ‘मिस’ की ‘मिसेस’, मराठीत ‘कु.’ की ‘सौ.’, आणि नवरा वारला तर ‘गं. भा.’ पुरुषाला एक ‘श्री.’ जन्मभर पुरतो. ‘मिझ’ हे विवाहाचा उल्लेख टाळणारे संबोधन मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने १९०१ मध्येच सुचविले होते. ते विस्मृतीत गेले. १९६१ मध्ये शीला मायकल्स या कार्यकर्तीच्या नजरेस ते पडले आणि तिने त्याचा पाठपुरावा केला, तोही कितीतरी वर्षे एकटीनेच. १९७२ मध्ये त्या नावाचे मासिक नियमित निघू लागले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र ते संबोधन स्वीकारले ते जून १९८६ मध्ये. महाराष्ट्रात २०२३ मध्ये विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हे शब्द वापरण्याचा सरकारी विचार पुढे आला, तेव्हा जे वादळ उठले ते याच जातीचे होते.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इथाका या विद्यापीठ-नगरात घडलेली गोष्ट याहून गंभीर. कॉर्नेल विद्यापीठातील एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीने वरिष्ठाच्या लगटीला कंटाळून नोकरी सोडली आणि बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला. नोकरी का सोडली, या रकान्यात काय लिहावे? तिच्यापाशी शब्द नव्हता. तिने ‘वैयक्तिक कारण’ लिहिले, आणि अर्ज फेटाळला गेला. ती तेथेच ‘स्त्रिया आणि काम’ हा विषय शिकविणाऱ्या लिन फार्लीकडे गेली. फार्लीच्या वर्गात बायकांनी आपापल्या नोकऱ्यांविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीने अशाच कारणाने कधी ना कधी एखादे काम सोडल्याचे निघाले होते. जाहीर सभा घ्यायची ठरली. पत्रकावर काय छापावे यावर चर्चा झाली. ‘धाकदपटशा’, ‘जबरदस्ती’, असे पर्याय निघाले, आणि अखेर ‘सेक्शुअल हॅरॅसमेंट’ यावर मतैक्य झाले. ४ मे १९७५ च्या त्या सभेस पावणेतीनशेच्या आसपास स्त्रिया आल्या. त्या स्त्रीचे अपील पुढेही फेटाळलेच गेले. शब्द मात्र १९८० मध्ये समान रोजगार आयोगाच्या नियमांत आणि १९८६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात गेला.

भारतात तो कायद्यात आला १३ ऑगस्ट १९९७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या विशाखा निकालाने. तोवर इथे १८६० च्या दंड संहितेचा शब्द होता, आणि मराठी वृत्तपत्रांना तो पाठ होता : ‘विनयभंग’. त्यात मोजला जातो तो बाईचा विनय. ‘लैंगिक छळ’ या मराठी शब्दात मोजली जाते ती समोरच्याची कृती. २०१३ च्या कायद्याने हा दुसरा शब्द कचेऱ्या-कारखान्यांतील फलकांवर आणला. जुना शब्दही गेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७४ विनयभंगाचे आहे आणि त्याला लागूनच कलम ७५ लैंगिक छळाचे.